जे आलेच नाहीत

२००४ सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक ठराव पाडला. मी संस्थेचा सचिव होतो. ठराव पाडण्यासाठी मी आवाज चढवला नाही, कुणाला फोडले नाही, नियमावर बोट ठेवले नाही. मी आकडे वाचून दाखवले. त्या आकड्यांत एकही चूक नव्हती, आजही नाही. म्हणूनच हे लिहायला मला वीस वर्षे लागली.

संस्था तासगाव तालुक्याच्या पूर्वेकडची, पूर्वी दुष्काळी पट्टा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागातली. सभासद बहुतेक द्राक्षबागायतदार, काही बेदाणा शेडवाले, काही नुसते कोरडवाहू. कर्जाच्या अर्जावर ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असे. ठिबक, खरड छाटणी, औषधफवारणी, विहीर, घरबांधणी, मुलीचे लग्न, आणि यांत एक कारण ‘आजारपण’. या शेवटच्या कारणाची कर्जे छोटी असत, दोन जामीनदारांवर भागत आणि परतफेडीला बऱ्यापैकी नियमित असत. आमची माणसे दवाखान्यासाठी मिरजेला जात. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उभे केले, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, रेल्वेचे जंक्शन होतेच. कर्नाटकातून आणि कोकणातून पेशंट यावेत असे ते गाव. सांगली-मिरज रस्त्यावर दर वर्षी एखाद्या नव्या हॉस्पिटलची पाटी लागलेली दिसे आणि ती पाहून मला बरे वाटे. जिल्हा पुढे चाललाय याची ती खूण, असे मी मानत असे.

ठराव आण्णांनी मांडला होता. त्यांचे पूर्ण नाव लिहीत नाही. दोन एकर बाग, तीन म्हशी, शिक्षण सातवीपर्यंत. त्यांची थोरली लेक अथणी तालुक्यात दिलेली. तिच्या सासरी एक कार्ड आले होते, ते आण्णा धोतराच्या सोग्यात बांधून सभेला घेऊन आले. कर्नाटकात २००३ च्या जूनपासून ‘यशस्विनी’ नावाची योजना सुरू झाली होती. सहकारी संस्थेच्या सभासदाने वर्षाला माणशी साठ रुपये भरायचे. ऑपरेशनची वेळ आली, तर ठरलेल्या रुग्णालयात ते त्या कार्डावर व्हायचे. डॉ. देवी शेट्टींची कल्पना, राज्य सरकारचा हातभार आणि गावोगावच्या सोसायट्यांची यंत्रणा, असे ते जमले होते. म्हैसाळच्या पलीकडे कागवाड ओलांडले की ही सोय आणि अलीकडे काही नाही. आण्णांचे म्हणणे साधे होते. आपण पाण्यासाठी एकत्र येतो, दुधासाठी येतो, उसासाठी येतो. मग दुखण्यासाठी का नको? दर सभासदाच्या लाभांशातून साठ-सत्तर रुपये कापा, तालुक्यातल्या बाकीच्या संस्थांना विचारा, जिल्हा बँकेकडे जा, पण सुरुवात करा.

मी उभा राहिलो. खतावणीतून आदल्या चार वर्षांचे आकडे काढून आणले होते. २००३ चे साल आमच्या भागाला फार वाईट गेले होते. जत, आटपाडी, कवठे महांकाळ आणि आमच्या पूर्व भागात बागा टँकरच्या विकतच्या पाण्यावर जगवल्या होत्या. आणि त्याच वर्षी आजारपणाची कर्जे स्पष्ट घटलेली होती. त्याआधी ज्या साली बेदाण्याला चांगला भाव होता, त्या साली ती वाढलेली. मी सभेला सांगितले, की माणसाच्या हातात पैसा आला की तो दवाखान्यात जातो; हात आखडला की घरच्या घरी बरा होतो. आजारपणाचा खर्च हा चांगल्या सालाचा खर्च आहे. तेव्हा विम्यात पैसे घालू नका, पाण्यात घाला. बाग पिकली की दवाखान्याचे आपोआप भागेल.

आण्णा खाली बसले नव्हते. त्यांनी विचारले, “भाऊसाहेब, जे दुष्काळात आलं, त्यांची नावं तुमच्या वहीत हायत. जे आलंच न्हाईत, त्यास्नी कुठं लिवता?”

मी म्हणालो, “आले नाहीत म्हणजे बरे आहेत, आण्णा.”

सभा हसली. ठराव नामंजूर झाला. इतिवृत्तात एकच ओळ आहे: सचिवांनी आकडेवारी सादर केल्यानंतर ठराव बहुमताने फेटाळण्यात आला.

मी निर्दय माणूस होतो म्हणून हे केले, असे लिहिले तर ते सोपे होईल आणि खोटेही. मी जे बोललो त्यावर माझा पुरा विश्वास होता. माझ्या लहानपणी आमच्या घरात वर्षातून चार महिने बाजरीची भाकरी मोजून मिळे. ज्या घरांत पाणी आले त्या घरांतली मुले शिकली, त्यांच्या अंगावर मांस आले, बाळंतपणे सुखरूप झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. ताकारी, म्हैसाळ, टेंभू ही नावे आमच्याकडे देवाच्या नावासारखी घेतली जात. कृष्णेचे पाणी उपसून वर आले की बाकी सगळे मागोमाग येईल, ही श्रद्धा मी वाचून शिकलो नव्हतो, जगून शिकलो होतो. उत्पन्न वाढले की सगळे दुखणे निम्मे होते असे मला वाटे. आणि या श्रद्धेला माझ्यापाशी एक मोठा दाखला होता: अमेरिका. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर होऊन मिशिगनमध्ये मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागला होता. त्याच्या घरी आजारपण ही खर्चाची गोष्टच नव्हती. कार्ड दाखवायचे, थोडे पैसे भरायचे, घरी यायचे. जो देश इतका कमावतो तिथे हा प्रश्न मिटलेलाच असणार, असे मी धरून चाललो होतो.

२००८ च्या नोव्हेंबरात त्याची नोकरी गेली. मोटारींचा धंदा कोसळला होता. पुढच्या जूनमध्ये तर जनरल मोटर्ससारख्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुतण्याच्या बायकोला चौथा महिना होता. त्याचा फोन आला तेव्हा मला वाटले पगाराचे सांगेल. तो म्हणाला, “काका, इथं नोकरी गेली की डॉक्टरही जातो.”

मला ते समजायला वेळ लागला. तिथला आरोग्य विमा बहुतेकांना मालकाकडून मिळतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगारवाढ गोठवली. कामगार टिकवायचे तर कंपन्यांनी पगाराऐवजी विमा द्यायला सुरुवात केली, पुढे करात सूट मिळाली आणि ती तात्पुरती सोय देशाची रीत होऊन बसली. नोकरी गेली तरी ‘कोब्रा’ नावाच्या कायद्याने काही महिने तोच विमा ठेवता येतो, पण मग मालकाचा वाटाही स्वतःच भरावा लागतो. २००९ साली तिथल्या नोकरीवाल्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला १३,३७५ डॉलर होता. म्हणजे महिन्याला अकराशेच्या वर, आणि तेही पगार थांबलेला असताना. स्वतंत्र विमा घ्यावा तर तेव्हा कंपन्या गर्भारपणाला आधीचे दुखणे मानून नकार देत. ओबामांचा कायदा यायला आणि त्यातली असा नकार थांबवणारी तरतूद लागू व्हायला २०१४ उजाडणार होते. पुतण्याने चार महिने पूर्ण हप्ता भरला. बेकारभत्ता जवळजवळ सगळा त्यातच जाई. मग २००९ च्या फेब्रुवारीत सरकारने अशा बेकारांच्या हप्त्यातले ६५ टक्के उचलायचे ठरवले आणि त्याच्या जिवात जीव आला. मुलगी सुखरूप झाली. वर्षभराने त्याला ओहायोत काम मिळाले.

त्या काळात तो मला तिथले आकडे पाठवी, कारण मी मागत असे. आकडे वाचायची माझी खोड जुनी. अमेरिकेच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नात आरोग्यखर्चाचा वाटा १९६० साली पाच टक्के होता. २००७ साली तो सोळाच्या आसपास होता, आणि मंदीच्या २००९ साली सतरा ओलांडून गेला. लोकांनी त्या वर्षी तपासण्या लांबवल्या, ऑपरेशने पुढे ढकलली. खर्चवाढीचा वेग खरोखर मंदावला, पुढची काही वर्षे तो चार टक्क्यांच्या आसपास रेंगाळला. तरीही वाटा वर गेला, कारण उत्पन्न खाली आले आणि खर्च खाली आला नाही. आणि तेजी परतल्यावर तो वाटा पुन्हा सोळावर उतरला नाही. मी हे आकडे एका कागदावर मांडले. माझ्या २००४ च्या भाषणातल्या वाक्याच्या ते बरोबर उलटे होते. मी कागद खणात ठेवला आणि स्वतःला सांगितले की अमेरिकेची तऱ्हा वेगळी, आपले वेगळे.

मग २०१२ चा दुष्काळ आला.

माझी आक्का सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात दिलेली. माणगंगेच्या काठचे गाव, पण काठ म्हणायला पाणी हवे. त्या वर्षी माण-खटावमध्ये जनावरे जगवायला चारा छावण्या पडल्या. दाजी दोन बैल आणि एक गाय घेऊन छावणीत राहायला गेले, ते आठ महिने तिथेच. दाजींना साखर होती. गोळ्या चालू होत्या, महिन्याला दोन-अडीचशे रुपयांच्या. छावणीत गेल्यावर त्यांनी त्या आधी एकाड एक दिवस केल्या आणि मग बंद केल्या. आक्काला सांगितले नाही, मला तर नाहीच. नंतर विचारले तेव्हा म्हणाले, “पेंड आणायची का गोळी? गाय वरडती, साखर काय वरडत न्हाई.”

डिसेंबरात टाचेत बाभळीचा काटा मोडला. काढला, हळद भरली, फडके बांधले. दुखत नव्हते, म्हणून विशेष वाटले नाही. पायाला संवेदनाच उरली नव्हती, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. जानेवारीत पाय काळा पडू लागला तेव्हा ते म्हणाले, पाऊस पडला की बघू. फेब्रुवारीत आक्काने मला फोन केला. मी गाडी करून त्यांना मिरजेला आणले. डॉक्टरांनी फडके सोडले आणि मला बाहेर बोलावले. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

त्या वेळी महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झालेली होती. २ जुलै २०१२ ला ती आठ जिल्ह्यांत लागू झाली. त्या आठांत सोलापूर होते. सातारा आणि सांगली नव्हते. आमच्याकडे ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. आक्काच्या गावापासून माळशिरस आणि सांगोल्याची हद्द जवळच. त्या हद्दीपलीकडच्या पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाला रुग्णालयात किंमत होती, अलीकडच्या त्याच रंगाच्या कार्डाला नव्हती. नऊ वर्षांपूर्वी आण्णांनी मला अशीच एक हद्द दाखवली होती, म्हैसाळ आणि कागवाडमधली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलो असताना मला ते आठवले. आण्णांचा प्रश्न शब्दाशब्दाने आठवला, आणि मी दिलेले उत्तरही.

दाजींनी त्या आठ महिन्यांत कुठेही कर्ज काढले नव्हते. माण तालुक्यातल्या कुठल्याही पतसंस्थेच्या वहीत त्यांचे नाव ‘आजारपण’ या रकान्यात नव्हते. माझ्यासारखा एखादा सचिव तिथे असता तर त्याने त्यांना बरे झालेल्यांत धरले असते.

२०१४ साली मी निवृत्त झालो. त्याआधीच्या तीन महिन्यांत, जुनी कागदपत्रे नीट लावून द्यायची म्हणून, मी १९९८ पासूनचे कर्जअर्ज पुन्हा वाचले. या वेळी रकान्यातले कारण सोडून दिले आणि माणूस वाचला. गावातल्या प्रत्येक घराचे काय झाले ते मला ठाऊकच होते; कागदावर ते कधी जोडून पाहिले नव्हते. एका अर्जावर ‘खरड छाटणी’ लिहिलेले, आणि तो महिना जानेवारीचा. खरड छाटणी आमच्याकडे एप्रिलमध्ये होते. त्या महिन्यात त्या घरची सून बाळंतपणात अडली होती. आजारपणाच्या कर्जापेक्षा शेतीचे कर्ज लवकर आणि जास्त मिळते, म्हणून लोक दवाखान्यासाठी छाटणीचे कारण लिहीत होते, आणि आमचे कर्मचारी ते जाणून मंजूर करत होते. सोनेतारणाच्या वहीत तर कारणाचा रकानाच नव्हता. २००३ साली, म्हणजे ज्या वर्षी माझ्या हिशेबाने गाव निरोगी होते, त्या वर्षी सोनेतारण वाढलेले होते. आणि दुष्काळात ज्यांनी काहीच उचलले नव्हते, त्यांतली काही घरे २००५-०६ मध्ये मोठ्या रकमेसाठी आलेली होती. हर्निया अडकल्यावर, मोतीबिंदू पिकून डोळा गेल्यावर, अंगावरून जाणे तीन वर्षे सोसल्यावर गर्भपिशवी काढताना. चांगल्या सालात आजारपणाची कर्जे वाढतात, हे माझे निरीक्षण खरे होते. ती वाईट सालाची थकबाकी होती. पैसा आला म्हणून माणसे आजारी पडत नव्हती; पैसा नव्हता तेव्हापासूनची आजारी माणसे आता येत होती.

याच सुमारास पुतण्याने मला क्रिस्टोफर रूम या अर्थशास्त्रज्ञाच्या २००० सालच्या एका निबंधाविषयी सांगितले. अमेरिकेतल्या राज्यांचे १९७२ ते १९९१ चे आकडे तपासून त्यांनी दाखवले होते, की बेकारी वाढते तेव्हा मृत्यूंचे प्रमाण थोडे घटते. रस्त्यावरचे अपघात कमी होतात, लोक कमी सिगारेट ओढतात, आत्महत्या मात्र वाढतात. हा निबंध २००४ साली माझ्या हाती लागला असता तर मी तो सभेत मिरवला असता. आता वाचताना मनात एकच आले: तिथे मेलेली माणसे मोजली आहेत, पाय गेलेली नाहीत. तो निबंध चूक आहे असे म्हणायची माझी पात्रता नाही. पण एका देशाच्या मृत्यूनोंदीतून निघालेले उत्तर माण तालुक्याच्या छावणीला लावायचे नाही, एवढे मला कळले आहे.

आणखी एक गोष्ट त्या कागदांतून दिसली. दवाखान्याचा दर चढतो कधी? बेदाणा तेजीत असताना, उसाचे बिल चांगले आले असताना, सोने-चांदीच्या गलाईचा धंदा करणारी विटा-खानापूरकडची मंडळी परगावाहून पैसा पाठवत असताना. तेव्हा लोक देतात, म्हणून नवी यंत्रे येतात, नवी इमारत उभी राहते, तिचे बँकेचे हप्ते सुरू होतात. मग अवकाळी पाऊस बागेवर येतो, दावण्या रोग पडतो, किंवा २०१९ सारखी कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर चढते. तासगावच्या सौद्यात बेदाण्याचा दर पडतो. पण बेदाण्याचा दर पडला म्हणून ऑपरेशनचा दर कुणी पाडत नाही. पाडता येणारही नाही, इमारतीचे हप्ते तसेच असतात, नर्सचा पगार तसाच असतो. यात डॉक्टरांना लबाड ठरवायचा माझा हेतू नाही. माझ्या ओळखीचे कितीतरी डॉक्टर बिलातले पैसे सोडून देताना मी पाहिले आहेत. पण ज्या नव्या पाट्या पाहून मला बरे वाटे, त्यांतल्या प्रत्येक पाटीने पुढच्या वाईट सालातले बिल आजच ठरवून ठेवले होते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशभरात, बाळंतपण वगळता, एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. कोरडवाहू घरात एकतीस हजार म्हणजे गाय, आणि गाय गेली की दूध गेले.

तिकडे पुतण्याच्या देशात कुटुंबाच्या विम्याचा तोच सरासरी हप्ता २०२४ साली २५,५७२ डॉलरवर गेला. मधल्या पंधरा वर्षांत तिथे मंदी संपली, तेजी आली, महामारी आली, पुन्हा तेजी आली. हप्ता चढायचा कधी थांबला नाही.

माझे मत बदलले म्हणजे काय बदलले, ते नीट सांगतो. पूर्वी मी म्हणत असे, आधी उत्पन्न, मग औषध. आता मी म्हणतो, औषधाचा पैसा त्या घराच्या त्या सालच्या उत्पन्नाला बांधलेला असता कामा नये, कारण ते उत्पन्न नेमके बुडते तेव्हाच त्याची गरज पडते. मिशिगनमध्ये तो पगाराला बांधलेला होता, माणमध्ये पावसाला. दोन्हीकडे गाठ एकच. पाण्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही. टेंभूचे पाणी आटपाडी आणि माणच्या रानात दिसले की आजही माझा ऊर भरून येतो.

आण्णांच्या ठरावाबद्दलही मला प्रामाणिक राहायला हवे. एकट्या पतसंस्थेच्या साठ-सत्तर रुपयांवर ते झाले नसते. सभासद थोडे, त्यांतली दोन मोठी ऑपरेशने निघाली असती तर निधी पहिल्याच वर्षी आटला असता. यशस्विनीच्या मागे राज्य उभे होते, तरीही ती २०१८ साली दुसऱ्या योजनेत विलीन झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू करावी लागली. पण मी या कारणासाठी विरोध केला नव्हता. आणि आण्णांनीही एकट्या संस्थेचे म्हटले नव्हते. तालुक्याकडे, जिल्हा बँकेकडे जा म्हटले होते. ते मी ऐकलेच नाही.

दाजींचा पाय मात्र त्या कार्डानेही वाचला नसता, आणि हा माझ्या मनातला दुसरा बदल, जो अजून पुरता बसलेला नाही. जीवनदायीची पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली, दीड लाखाची मर्यादा २०२३ च्या निर्णयाने पाच लाखांवर गेली, रेशनकार्डाच्या रंगाची अट काढायचे ठरले. हे सगळे मला मनापासून हवे होते. पण ही योजना पाय काढायचे पैसे देते; पाय राहावा म्हणून रोज घ्यायच्या गोळीचे देत नाही. ती गोळी, ते ड्रेसिंग, महिन्यातून एकदा तळपाय पाहणारे कुणीतरी, हे प्राथमिक आरोग्य केंद्राचे काम. छावणीत आठ महिने शेकडो माणसे एका जागी होती. जनावरांना टोचायला डॉक्टर येत होता. माणसांची साखर तपासायला कुणी आले असते तर एका सकाळीत झाले असते. देशात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०१३-१४ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्के होता, २०२१-२२ ला १.८४ वर आला. २०१७ च्या धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के लिहिले होते. या अर्ध्यापाऊण टक्क्याच्या फरकात किती टाचा आणि किती डोळे आहेत, याचा हिशेब कुठल्या खतावणीत येत नाही.

आणि दर उतरवता येत नाही, असे वर लिहिले त्याला एक अपवाद मी पाहिला आहे. २०२० च्या मे महिन्यात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे कोरोनासाठीचे दिवसाचे दर ठरवून दिले: साध्या वॉर्डात ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिले तपासायला लेखापरीक्षक बसवले. आमच्या भागात परराज्यांतून परतलेली गलाईवाली कुटुंबे तेव्हा हातावर हात ठेवून बसली होती, सराफकट्टे बंद होते. त्यांतल्या एका घरातले बिल तपासणीनंतर कमी होऊन आलेले मी स्वतः वाचले. म्हणजे मनात आणले तर होते. मनात आणायला महामारी लागली.

गेल्या दिवाळीनंतर मी आण्णांकडे गेलो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, बाग मुलगा बघतो. मी २००४ चे इतिवृत्त नक्कल करून नेले होते आणि सोबत एक कोरी वही. ओसरीवर बसून त्यांना ती ओळ वाचून दाखवली. म्हणालो, “आण्णा, आकडे बरोबर होते. मी ते चुकीचे वाचले. तुम्ही विचारलं त्याला मी उत्तर दिलं नाही, तुम्हाला हसवून खाली बसवलं.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुमच्याबी दाजीचा पाय गेला म्हनं.”

“गेला.”

“कुठल्या साली?”

मी सांगितले. त्यांनी वहीकडे पाहिले आणि विचारले, “ही कशाला आनलीया?”

दुष्काळात जे आलेच नाहीत त्यांची नावे लिहायची आहेत, असे मी म्हणालो. २००३ ची आणि २०१२ ची. आपल्या गावातली, जेवढी दोघांना आठवतील तेवढी. कुणाला काय झाले होते, कधी गेला, किंवा आहे तर आता कसा आहे. जे आहेत त्यांच्या घरी जाऊन साखर आणि रक्तदाब तपासायला आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई तयार आहेत, त्यांना यादी हवी आहे.

आण्णांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि चष्मा मागवला. पहिले नाव त्यांनी सांगितले. दुसरे मी.